शेवटची बोली कोणाची?

७ ऑक्टोबर २०२३ ला चीनमधल्या हांगझोऊला भारताने इराणला ३३-२९ असं हरवलं आणि आशियाई स्पर्धेतलं कबड्डीचं सुवर्ण परत मिळवलं. त्या भारतीय संघात श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार होता. समोरच्या इराणच्या संघात मोहम्मदरेझा शादलुई होता. दोनच दिवसांनी मुंबईत प्रो कबड्डी लीगच्या दहाव्या मोसमाचा लिलाव सुरू झाला. पुणेरी पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लाखांना उचललं. दुसऱ्या दिवशी पेपरात आकडा मोठ्या अक्षरात आला.

अस्लमचा आकडा आला नाही, कारण त्याच्यावर बोलीच लागली नाही. पुण्याने त्याला लिलावाआधीच राखून ठेवलं होतं. पुढे तोच त्या संघाचा कर्णधार झाला. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पुण्याने पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं, आणि संपूर्ण मोसमातला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून अस्लमचीच निवड झाली. सर्वांत मौल्यवान, पण त्याचं मोल बाजारात किती आहे हे त्या वर्षी कुणालाच कळलं नाही. बहुधा त्यालाही नाही.

यात पुण्याच्या संघाने काही वावगं केलं असं मी म्हणत नाही. नियमात जे बसतं ते त्यांनी केलं. माझं म्हणणं नियमाबद्दल आहे. आपल्याकडे कबड्डीवर लिहिणारे खूप, पण पोरं सही कशावर करतात यावर लिहिणारे फार थोडे. आमच्या सावर्डे-चिपळूण पट्ट्यात शिमग्याच्या आगेमागे रात्र रात्र सामने चालतात, हॅलोजनच्या उजेडात अठरा-एकोणीस वर्षांची पोरं चढाया करतात आणि प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तो टीव्हीवरचा लिलाव असतो. त्यातल्या ज्याला खरंच संधी मिळते तो लिलावातून जातच नाही, हे त्यांना कुणी सांगत नाही.

थोडक्यात व्यवस्था अशी. नवा तरुण खेळाडू संघ थेट करारावर घेतो, लीगने ठरवलेल्या रकमेच्या चौकटीत. मोसम संपला की संघ त्याला ठरावीक अटींवर पुढे राखू शकतो. अशा राखलेल्या खेळाडूंचे निरनिराळे वर्ग आहेत: अव्वल खेळाडूंचा वेगळा, तरुणांचे वेगळे. जो राखला जात नाही तो लिलावात जातो. तिथे अ, ब, क, ड असे गट आणि अलीकडच्या मोसमांत त्यांच्या मूळ किमती अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख. आणि लिलावातही जुन्या संघाच्या हातात एक पत्ता उरतो. त्याचं नाव फायनल बिड मॅच. दुसऱ्या संघाने शेवटची बोली लावली, हातोडा पडायच्या बेतात आहे, तेवढ्यात जुना संघ म्हणतो, एवढेच पैसे आम्ही देतो, पोरगा आमचा. आणि पोरगा त्यांचा होतो. या सगळ्या प्रकारात खेळाडूला एकदाही कुणी विचारत नाही, तुला कुठे खेळायचंय.

(लिलाव हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांकडून आला. उर्दूतला नीलाम त्याचाच भाऊ. दोन्ही भाषांत या शब्दाला वस्तू लागते, माणूस नाही. शाळेत मी दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे हे मनात येतं, एवढंच.)

आता थोडं गणित. दहाव्या मोसमात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्च करायला एकूण ५ कोटी होते. संघात कमीत कमी १८ खेळाडू लागतात. एका शादलुईवर २ कोटी ३५ लाख गेले की उरतात २ कोटी ६५ लाख, आणि त्यात किमान सतरा जण बसवायचे. सरासरी काढली तर माणशी साडेपंधरा लाखांच्या आसपास, खेळाडू जास्त घेतले तर त्याहून कमी. म्हणजे एका मोठ्या बोलीची किंमत मालकाच्या खिशातून जाते असं आपल्याला वाटतं, पण थैलीचं तोंड बांधलेलं असल्यामुळे ती प्रत्यक्षात बाकीच्यांच्या वाट्यातून जाते. तरुण पोरं ठरलेल्या भावात हाताशी असतात म्हणून दोन-सव्वादोन कोटींची बोली परवडते. शादलुईवर माझा राग नाही, तो त्या पैशांना लायक आहे. पण टाळ्या वाजवताना हे लक्षात असावं.

यावर लगेच उत्तर येतं, आणि ते हलकं नाही. राखलं जाणं म्हणजे सुरक्षितता. लिलाव वर नेतो तसा खालीही आपटतो. याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे: चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई. २०१८ साली यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. पहिल्याच मोसमात त्याने दोनशेच्या वर गुण घेतले. संघाने त्याला राखलं नाही, तो लिलावात गेला आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. एका वर्षात जवळपास चौपट. २०२१ मध्ये त्याच संघाने फायनल बिड मॅचचा पत्ता वापरून १ कोटी ३० लाखांना त्याला ठेवून घेतलं. मग दुखापत झाली, बहुतेक मोसम बाकावर गेला. २०२२ च्या लिलावात तोच सिद्धार्थ, त्याच संघाला, २० लाखांत मिळाला. मूळ किंमत, वर एक रुपया नाही. आणि २०२३ मध्ये हरयाणाने पुन्हा १ कोटी दिले.

१ कोटी ३० लाख, २० लाख, १ कोटी. खेळ तोच, माणूस तोच. मधल्या त्या एका वर्षात त्याच्या घरात काय चर्चा झाल्या असतील याचा अंदाज ज्याच्या घरी महिन्याचा पगार येतो त्याला येणार नाही; ज्याच्या घरी आंब्याचं पीक येतं त्याला येईल. परदीप नरवालचं तर आणखी कठीण. २०२१ मध्ये १ कोटी ६५ लाखांची विक्रमी बोली, आणि २०२५ च्या लिलावात कुणी हातच वर केला नाही. पवन सेहरावतला २०२२ मध्ये २ कोटी २६ लाख मिळाले आणि पहिल्याच सामन्यात गुडघा गेला.

उलट अस्लमलाही अकराव्या मोसमात दुखापतीने बाहेर बसावं लागलं, तरी पुण्याने त्याला सोडलं नाही. बाराव्या मोसमात तो परत कर्णधार म्हणून उतरला आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेव्हा राखलं जाण्यात फक्त तोटाच आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या घरात एकच मिळवता आहे तिथे खात्रीचे बारा लाख हे अनिश्चित ऐंशी लाखांपेक्षा मोठे असू शकतात. मी स्वतः असा हिशोब करणाऱ्या घरातला आहे.

पण मग तो हिशोब कुणी करायचा? पोराने आणि त्याच्या घरच्यांनी, की संघाच्या कार्यालयाने? माझा सगळा आक्षेप या एका जागेवर आहे. आज खेळाडूला सुरक्षितता मिळते ती संघाला हवी असेल तेव्हा. संघाला नको असेल तेव्हा त्याला बाजार मिळतो. चांगला खेळला की राखला जातो, म्हणजे बाजार बंद. वाईट खेळला किंवा जायबंदी झाला की सोडला जातो, म्हणजे बाजार उघडा. दार नेमकं उलट्या वेळी उघडतं.

या प्रश्नावर आपल्या देशात एक महत्त्वाचा निकाल लागून वीस वर्षं होत आली, आणि योगायोग असा की तोही श्रीरामपूरच्याच एका मुलाचा आहे. झहीर खान. ऑक्टोबर २००० मध्ये, बावीस वर्षांचा असताना, भारतीय संघात नुकताच येत असताना त्याने परसेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. जाहिराती वगैरे कंपनीने बघायच्या. करारात एक कलम होतं: मुदत संपल्यावर झहीरला दुसऱ्या कुणाकडून प्रस्ताव आला तर तो आधी या कंपनीला दाखवायचा, आणि कंपनी तेवढेच पैसे द्यायला तयार असेल तर तिच्याकडेच राहायचं. ओळखीचं वाटतंय ना? फायनल बिड मॅचच, फक्त हातोड्याऐवजी कागदावर. २००३ मध्ये मुदत संपली, झहीर दुसऱ्या कंपनीकडे गेला, पहिली कंपनी कोर्टात गेली. मुंबई उच्च न्यायालयात आधी एक निकाल तिच्या बाजूने लागला, मग खंडपीठाने तो फिरवला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम केलं. भारतीय करार कायदा १८७२, कलम २७: माणसाला त्याचा धंदा करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. करार चालू असताना बंधन घालता येतं. करार संपल्यावर त्याची दोरी गळ्यात ठेवता येत नाही.

या निकालाने लीगचा नियम आपोआप बाद होतो असं कुणी समजू नये. जाहिरातीचा एजंट आणि खेळाची लीग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लीगमध्ये बारा संघांना बरोबरीने उभं राहायचं असतं. सगळे चांगले खेळाडू सर्वांत श्रीमंत मालकाकडे गेले तर सामने बघणार कोण? आणि ज्याने अनोळखी पोराला दोन वर्षं शिकवलं, खाऊ-पिऊ घातलं, त्याचा काहीतरी हक्क असावा हेही मला मान्य आहे. पण त्या हक्काला मुदत आणि किंमत दोन्ही हवीत. आणि इथे मी एक फरक करतो, जो आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. फायनल बिड मॅच मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. त्यात खेळाडूला जागा निवडता येत नाही, पण भाव तरी बाजाराचा मिळतो. सिद्धार्थला २०२१ मध्ये तो मिळाला. ठरावीक भावात राखणं मात्र दोन्ही काढून घेतं, जागाही आणि भावही. तरुण खेळाडूच्या बाबतीत ते एका मोसमापुरतं चालेल, फार तर दोन.

अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये हाच झगडा आपल्या आधी पन्नास वर्षं झाला. तिथला मोठा खेळाडू ऑस्कर रॉबर्टसन खेळाडू संघटनेचा अध्यक्ष होता. एका संघाने आयुष्यभर खेळाडूला धरून ठेवायचं, या पद्धतीविरुद्ध तो १९७० मध्ये कोर्टात गेला. तडजोड झाली १९७६ ला. तोवर तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आणि खरोखर मोकळा होऊन, जुन्या संघाची आडकाठी नसताना नव्या संघात गेलेला पहिला खेळाडू, टॉम चेंबर्स, तो १९८८ मध्ये. म्हणजे दावा एकाने लावला आणि फळ मिळायला अठरा वर्षं लागली.

आजही तिथे तरुण खेळाडू पूर्ण मोकळा नाही. पहिल्या फेरीत निवडलेल्याला ठरावीक तक्त्याप्रमाणे चार वर्षं, त्यातली पहिली दोनच पक्की, पुढच्या दोन वर्षांचा निर्णय संघाचा. चौथं वर्ष सुरू होण्याआधी वाढीव करार झाला तर ठीक. नाही झाला तर चौथ्या वर्षानंतर तो बाजारात जातो, पण जुना संघ दुसऱ्याच्या प्रस्तावाची बरोबरी करू शकतो. तरीही त्याच्या हातात एक गोष्ट आहे जी आपल्या पोरांच्या हातात नाही: तो एक वर्षाचा लहान करार घेऊन, कमी पैशात खेळून, पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण मोकळा होऊ शकतो. २०२५ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनच्या कॅम थॉमसने तेच केलं, साधारण ६० लाख डॉलरवर एक वर्ष. त्याच उन्हाळ्यात गोल्डन स्टेटचा जोनाथन कुमिंगा महिनोन्महिने अडून बसला आणि शेवटी दोन वर्षांच्या, ४ कोटी ८५ लाख डॉलरपर्यंतच्या करारावर सही केली. त्यातही दुसऱ्या वर्षाचा निर्णय संघाने स्वतःकडे ठेवला. दोघांपैकी कोण बरोबर, यावर तिथे भांडणं झाली. मला हेवा वाटतो तो त्यांच्या डॉलरचा नाही. पर्याय त्यांच्यापुढे होते, त्यांचा माणूस टेबलावर बसला होता, आणि नियमांचं पुस्तक संघटनेने मालकांशी भांडून लिहून घेतलं होतं, याचा.

आमच्या कोकणी मुसलमानांच्या गावांत हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. अर्धी घरं आखातावर उभी राहिली आहेत. दोन वर्षांचा करार, पासपोर्ट कफीलच्या कपाटात, आणि दुसरीकडे बरी नोकरी मिळाली तर आधी याच कफीलचं ना-हरकत पत्र आणायचं. कतारने ती पत्राची अट २०२० मध्ये काढली, तोवर एक पिढी त्यात गेली. आमच्याकडचे कित्येक बाप, काके, मामू याच एका पत्रासाठी वर्षानुवर्षं कमी पगारावर राहिले. कफील वाईटच असायचा असं नाही, कित्येक चांगले होते. ईदला घरी पाठवायचे, अडीअडचणीला उचल द्यायचे. पण जायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर होतं. राखलेल्या खेळाडूचं दुखणं आमच्या बुजुर्गांना सांगून बघा, दोन मिनिटांत कळतं.

आणि तरीही तेच बुजुर्ग म्हणतात, पोराला पैसे मिळतायत ना, मग सही कर. गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी कागद घेऊन आला. एकोणीस वर्षांचा, उत्तम चढाईपटू, जिल्ह्याकडून खेळलेला. एका एजंटाने गाठलं होतं. अकरा पानं, इंग्रजी, बारीक टाईप. वडील कुवेतला वीस वर्षं काढून आलेले, तेही सोबत होते. म्हणाले, "सर, तुम्ही फक्त बघा, पोराला अडवू नका. नशीब एकदाच दार वाजवतं."

मी दोन रात्री शब्दकोश घेऊन बसलो. पाच वर्षांची मुदत. एकूण उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एजंटाचा. आणि उत्पन्नाच्या व्याख्येत फक्त लीगचे पैसे नव्हते, बक्षिसं होती, सरकारी पुरस्कार होते, खेळाच्या जोरावर लागलेल्या नोकरीचा पगारही होता. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. कबड्डीच्या पोरांचा खरा विमा तोच, आणि त्याचाच पाचवा हिस्सा हा गृहस्थ मागत होता. दुखापतीबद्दल एक ओळ नाही. आणि नवव्या पानावर ते कलम: मुदत संपल्यावर आणखी दोन वर्षं, दुसऱ्या कुणाचाही प्रस्ताव आला तर आधी आम्हाला दाखवायचा. झहीरचं कलम, जवळजवळ शब्दाला शब्द. सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलेलं कलम रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोराच्या कागदावर अजून जिवंत. ते कोर्टात टिकणार नाही हे एजंटालाही ठाऊक असणार. पण पोरगा कोर्टात जाणार नाही, हेही त्याला ठाऊक आहे.

मी वडिलांना सूरह बकराच्या २८२ व्या आयतीची आठवण करून दिली. कुरआनातली सर्वांत लांब आयत. ती नमाज-रोज्यावर नाही, व्यवहार लिहून ठेवण्यावर आहे. त्यात लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं असं आहे, साक्षीदार आहेत, आणि एक बारकावा असा की मजकूर ज्याच्यावर बंधन येणार आहे त्याने सांगायचा. तो दुबळा असेल, सांगू शकत नसेल, तर त्याच्या वलीने. सावकाराने नाही. आपल्याकडे कागद नेहमी दुसऱ्या बाजूने तयार होऊन येतो आणि आपण फक्त अंगठ्याची जागा विचारतो. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आपण काय सांगायचं ते लिहा."

ते आम्ही लिहिलं. मुदत दोन वर्षं. हिस्सा फक्त एजंटाने मिळवून दिलेल्या करारापुरता. नोकरीचा पगार आणि सरकारी बक्षीस वगळून. दुखापत झाली तर त्या मोसमाचे पैसे आणि इलाज कुणाकडे, हे स्पष्ट. मुदतीनंतरचं कलम काढून टाकलं. आणि एक मराठी प्रत, जिच्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. महाराष्ट्रातल्या पोरांशी करार करणाऱ्या प्रत्येक संघाला, लीगला, एजंटाला मराठी प्रत द्यायला लावावी; यासाठी राज्याच्या कबड्डी संघटनेने ठराव केला तरी पुरे, कायद्याची वाट पाहायला नको. जुन्या खेळाडूंनी, ज्यांचं आता काही बिघडणार नाही अशांनी, संघटना काढावी. चालू खेळाडूने तोंड उघडलं तर पुढच्या लिलावात त्याच्यावर हात वर होणार नाही ही भीती खोटी नाही. रॉबर्टसन नावाजलेला होता म्हणून त्याला परवडलं. आपल्याकडे असे पाच-दहा निवृत्त खेळाडू नक्की आहेत, ज्यांचं नाव लीगच्या जाहिरातीत अजून वापरलं जातं.

बदल केलेला कागद आम्ही रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोचपावती जपून ठेवलीय. एजंटाचा फोन आला तो मला नाही, मुलाला: "तुझ्या सरांना सांग, असे पन्नास पोरगे रांगेत आहेत." त्यानंतर काही नाही. मुलगा सध्या पोलीस भरतीची तयारी करतोय आणि संध्याकाळी मंडळाच्या मैदानावर सराव. वडील भेटले की अजून विचारतात, "कागद आला का?"